आजारी भिक्खू आणि आपली संस्था

स्मरणिकेचे संपादक दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात तेव्हा त्यांची अपेक्षा ठरलेली असते. मी व्यवसायाने डॉक्टर; तेव्हा मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एखाद्या विषयावर चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, भात कमी खा, रोज चाला असा उपदेश करावा, आणि तो वाचून झाल्यावर आपण सर्वांनी जयंतीच्या भोजनाच्या रांगेत उभे राहावे. असे लेख मी यापूर्वी लिहिलेले आहेत. त्यांतील एकाही शब्दाबद्दल मला पश्चात्ताप नाही. परंतु त्या लेखांमुळे कोणाची साखर उतरली असेल अशा भ्रमातही मी नाही. यंदा मी आपल्या प्रकृतीविषयीच लिहिणार आहे, मात्र तिचा संबंध ताटाशी जोडण्याऐवजी आपल्या सभासदांच्या यादीशी जोडणार आहे.

आपल्या संस्थेत एक ज्येष्ठ गृहस्थ होते. नाव लिहीत नाही. जुने सभासद ओळखतील. कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. सभागृहात खुर्च्या मांडायला सर्वांत आधी हजर, आणि त्या उचलून ठेवायला सर्वांत शेवटी. भाषण त्यांनी कधी केले नाही. पत्नीच्या निधनानंतर ते मुलाकडे राहत होते. पुढे मुलाची नोकरी अल्बर्टात गेली आणि ते ब्रॅम्प्टनमध्ये एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने एकटेच राहिले. इथली थंडी सोसवते, पण नवे गाव सोसवणार नाही, असे ते म्हणत. मग दृष्टी मंदावली. ऑंटारिओत वयाच्या ऐंशीनंतर दर दोन वर्षांनी वाहन-परवान्याचे नूतनीकरण करावे लागते व त्यात डोळ्यांची तपासणी असते. त्यांनी ती परीक्षा दिलीच नाही, गाडी विकून टाकली. गाडी गेली आणि त्यांचे येणे थांबले.

सलग तीन वर्षे वर्गणी आली नाही म्हणून कार्यकारिणीच्या एका बैठकीत काही नावे यादीतून कमी करण्याचा ठराव आला. टपालखर्चाचा प्रश्न होता. ठराव एकमताने संमत झाला. त्या एकमतात माझाही हात वर होता, हे मला येथे नमूद केले पाहिजे. त्या हाताला त्या क्षणी काहीही जड वाटले नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते मला एका रुग्णालयात भेटले, तेही योगायोगाने. दाराबाहेरच्या बर्फावर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले होते. पण खरा आजार तो नव्हता. पायाला कित्येक महिने न भरलेली जखम होती, साखर भलतीच वाढलेली होती, वजन इतके उतरले होते की मी क्षणभर ओळखले नाही. औषधाचे दुकान घरापासून दीड किलोमीटरवर. बर्फातून तेवढे चालणे शक्य नव्हते, म्हणून ते गोळ्या एक दिवसाआड घेत होते. म्हणजे पुरवून पुरवून. मला पाहताच त्यांनी हात जोडून जयभीम केला आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे : "डॉक्टरसाहेब, तीन वर्षांची वर्गणी राहिली माझी."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

या प्रसंगानंतर मला विनयपिटकातील एक कथा वारंवार आठवू लागली. महावग्गात ती आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकली असेल. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. भिक्खूने जे कारण सांगितले ते आपण सहसा प्रवचनात घाईने ओलांडतो. तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, दोघांनी मिळून त्याचे अंग धुतले. एकाने डोके व दुसऱ्याने पाय धरून त्याला मंचकावर निजवले. मग संघाला एकत्र बोलावून त्यांनी बजावले की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांकडे पाहणार नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा शेवट आहे.

तो भिक्खू संघाच्या उपयोगाचा नव्हता. आपले गृहस्थ तर उपयोगाचे होते. वीस वर्षे त्यांनी खुर्च्या उचलल्या होत्या. तरीही आपण त्यांना विसरलो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या संघापेक्षा आपली गत बरी आहे असे मी म्हणू शकत नाही.

आता वैद्यकशास्त्राकडे वळतो. आपल्या चळवळीत या विषयावर दोन मते आढळतात आणि मला दोन्ही अपुरी वाटतात. एक मत कट्टर बुद्धिवाद्यांचे. धर्माचा आणि शरीराचा काय संबंध? आजारी पडलो तर डॉक्टर आहे, शासनाचे हेल्थ कार्ड आहे; विहार मनासाठी, दवाखाना देहासाठी. दुसरे मत अलीकडे बळावलेले : ध्यान करा, सूत्रपठण करा, रक्तदाब आपोआप उतरेल, गोळ्यांची गरज उरणार नाही. पहिल्या मताचे लोक तपासणीला उशिरा येतात आणि दुसऱ्या मताचे लोक गोळ्या बंद करून येतात. डॉक्टरला दोघांचाही त्रास सारखाच.

प्रार्थनेने रोग बरा होतो काय, याची तपासणी शास्त्रीय पद्धतीने झालेली आहे. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांवर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अनोळखी भाविकांनी काही रुग्णांसाठी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. प्रार्थनेचा काडीचाही उपयोग दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना निश्चितपणे सांगण्यात आले होते, त्यांच्यात गुंतागुंत किंचित अधिकच आढळली. बाबासाहेबांच्या अनुयायांना यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. अमेरिकेतील हजारो परिचारिकांची अनेक वर्षे पाहणी करून २०१६ साली जे संशोधन प्रसिद्ध झाले त्यात, आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा धार्मिक उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळले. यावर आक्षेप घेता येतो, आणि मी स्वतः तो घेतला होता : ज्याला चालता येते तोच चर्चला जातो, अंथरुणाला खिळलेला जात नाही, मग जाणारे अधिक जगतात यात नवल ते काय? संशोधकांनी आधीची प्रकृती, धूम्रपान, उत्पन्न इत्यादी गोष्टी हिशेबात धरल्या, तरीही फरक पुष्कळसा शिल्लक राहिला. त्याहून जुना पुरावा कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्याचा आहे. तेथील सुमारे सात हजार प्रौढांवर १९६५ पासून नऊ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांचे विवाह, नातलग, मित्र, चर्च, संघटना असे कोणतेच बंध मजबूत नव्हते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बंध असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट निघाले. १९७९ साली हे प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर वैद्यकशास्त्राला एकटेपणाची गणना रोगाच्या कारणांत करावी लागली.

यात गूढ काही नाही. आठवड्यातून एकदा चार माणसांत बसणाऱ्याचे सुजलेले पाय कोणाच्या तरी नजरेस पडतात. "भाऊ, आज धाप का लागते आहे?" असे कोणी तरी विचारतो. कोणी गाडीत घालून दवाखान्यात नेतो, कोणी इंग्रजी फॉर्म भरून देतो. बावीस प्रतिज्ञांपैकी मद्य न पिण्याची प्रतिज्ञा एकट्याने पाळणे कठीण. ती पाळणाऱ्या दहा जणांच्या सहवासात सोपी जाते. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म हा मूलतः सामाजिक असल्याचे प्रतिपादन केले आहे : एकट्या माणसाला त्याची गरज नाही, पण दोन माणसांचा संबंध आला की त्यातून सुटका नाही. हे वाक्य नीतिशास्त्राचे म्हणून आपण वाचतो. मला ते आता शरीरशास्त्राचेही वाटते.

मात्र येथेच थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. माणसे एकमेकांपर्यंत पोहोचतील की नाही, हे पुष्कळ अंशी वस्ती ठरवते. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात उष्णतेची भीषण लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. एरिक क्लाईननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने २००२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली. उत्तर लॉनडेल ही कृष्णवर्णीयांची वस्ती, तर दक्षिण लॉनडेल मुख्यतः मेक्सिकन स्थलांतरितांची. दारिद्र्य आणि एकट्या वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे. तरीही मृत्यूचे प्रमाण उत्तरेत लाखामागे ४० आणि दक्षिणेत लाखामागे ४! देवळे म्हणाल तर उत्तर लॉनडेलमध्येही चर्चेस पुष्कळ होती. पण कारखाने बंद पडलेले, दुकाने उठून गेलेली, पडक्या जागा आणि गुन्हेगारी यांमुळे म्हातारी माणसे दाराला कड्या लावून बसली. दक्षिणेत मात्र रस्ता गजबजलेला होता. भाजीवाला होता, बाकावर बसणारे होते, आणि कॅथलिक चर्चला रस्त्यावरून लोकांपर्यंत जाता येत होते. म्हणजे धर्मसमुदाय हा दिवा असेल तर वस्ती ही त्याची वात आहे.

कॅनडाला हा धडा २०२१ साली शिकावा लागला. त्या वर्षी जूनच्या अखेरीस ब्रिटिश कोलंबियात उष्णतेचा घुमट बसला. लिटन येथे पारा ४९.६ अंशांवर गेला. प्रांतात उष्णतेने ६१९ माणसे मरण पावली. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या समितीने पुढील वर्षी अहवाल दिला. त्यानुसार ९८ टक्के माणसे घरात मेली, रस्त्यावर नव्हे. दोन-तृतीयांश सत्तरी ओलांडलेली होती आणि निम्म्याहून अधिक एकटी राहत होती. जगातील संपन्न देशांपैकी एका देशात, स्वतःच्या घरात, दार लावून.

आपल्या समाजाला वस्ती आणि आरोग्य यांचा संबंध कोणी परदेशी ग्रंथातून शिकवण्याची आवश्यकता नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने बांधलेल्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी आपल्या संसाराची कितीतरी वर्षे काढली. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबई शहरातील मृत्यूंची जी आकडेवारी नोंदली गेली तीत दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत सुमारे १९ आणि अस्पृश्य व कनिष्ठ गणलेल्या जातींत ६१.६ इतके होते. विषाणूला जात कळत नाही. खोली, पाणी आणि संडास यांना कळते. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा तो हक्काचा प्रश्न होता. पण गावाबाहेरच्या वस्तीच्या वाट्याला कोणते पाणी येते, हा आतड्यांच्या रोगाचाही प्रश्न होता. शंभर वर्षांनीही ही दरी बुजलेली नाही. भारतातील नऊ राज्यांच्या पाहणीवर आधारलेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दलितांचे आयुर्मान उच्चजातीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी आढळले, आणि केवळ गरिबीने या फरकाचा निम्माही भाग उलगडत नाही.

तेव्हा चाळीचे आणि वस्तीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. क्षय तेथेच होता आणि दारूही तेथेच होती. परंतु त्याच वस्तीत विहाराच्या ओट्यावर रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांना कोणाचा बाप खोकतो आहे हे ठाऊक असे. पुण्यात १९७९ साली सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गणाने आपल्या 'बहुजन हिताय' या शाखेमार्फत दापोडीच्या झोपडपट्टीत आरोग्यसेवा आणि बालवाड्या उभ्या केल्या, त्या याच जाणिवेतून. धम्म शिकवणारे लोक त्या वस्तीत औषधेही देत होते, आणि हे दोन वेगळे विभाग आहेत असे त्यांना वाटले नाही.

येथे कॅनडात आपली गोष्ट नेमकी उलटी झाली. खोल्या ऐसपैस झाल्या, नळाला गरम पाणी आले, आणि दाराशी येणारा माणूस नाहीसा झाला. टोरांटोच्या भोवतालची उपनगरे मोटारीसाठी बांधलेली आहेत. सहा पदरी रस्ता, दूरवर बसथांबा, फुटपाथवर साचून घट्ट झालेला बर्फ, भाजीसाठीसुद्धा गाडी. २००७ साली टोरांटोच्या एका नामांकित संशोधन संस्थेने शहरातील मधुमेहाचे नकाशे प्रसिद्ध केले. शहराच्या मध्यभागी, जेथे लोक पायी हिंडतात, तेथे मधुमेह कमी. वायव्येला आणि पूर्वेला, जेथे उत्पन्न कमी, स्थलांतरित अधिक आणि दुकाने, बस व दवाखाने लांब, तेथे तो अधिक. त्यात आपली शरीरे आधीच जोखमीची. ऑंटारिओतील स्थलांतरितांच्या २०१० सालच्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचा धोका पश्चिम युरोप व उत्तर अमेरिकेतून आलेल्यांच्या तुलनेत तिप्पट ते चौपट आढळला. हृदयविकाराचा पहिला झटका आपल्या भागातील लोकांना सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो. या ५३ च्या आकड्याजवळून मी स्वतः नुकताच पुढे सरकलो आहे, म्हणून तो विशेष लक्षात आहे.

हे सर्व पंजाबी, गुजराती, तमिळ बांधवांनाही लागू आहे, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. परंतु त्यांना गुरुद्वारा आहे, मंदिर आहे, मशीद आहे. २०२० आणि २०२१ साली ब्रॅम्प्टन व मिसिसागा भागात कोविडने कहर केला तेव्हा गोदामांत आणि ट्रकांवर राबणाऱ्या कुटुंबांपर्यंत लंगरचे जेवण पोहोचले. लसीकरणासाठी प्रार्थनास्थळांचे दरवाजे उघडले गेले. आपण कोठे होतो? आपण प्रत्येकजण आपापल्या घरात होतो आणि दूरदृश्य माध्यमातून बुद्धवंदना करीत होतो. ते वाईट नव्हते. पण वंदना संपली की पडदा काळा होई.

यामागचे एक कारण आपण उघडपणे बोलत नाही. परक्या देशात मराठी माणूस आजारी पडला, बाळंतीण झाली, मयत झाली की साधारणतः मराठी मंडळ किंवा देऊळ धावून येते. आपल्यातील कित्येक कुटुंबे तेथे जात नाहीत. गेली तर आडनाव सांगताना अडखळतात. गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, हा प्रश्न केव्हा येईल या धास्तीने गप्पा आवरत्या घेतात. देवाची पूजा करायची नाही, म्हणून देवळात मन रमत नाही, आणि 'तुम्ही त्यातले का' या नजरेमुळे मंडळात रमत नाही. हा छळ काल्पनिक नाही याची दखल आता येथील शासनसंस्थांनीही घेतली आहे. टोरांटोच्या शालेय मंडळाने मार्च २०२३ मध्ये जातिभेदाचा प्रश्न विचारात घेण्याचा ठराव केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने जातीवर आधारित भेदभाव हा तेथील कायद्याच्या कक्षेत येतो अशी भूमिका जाहीर केली. कायदा झाला म्हणून सायंकाळी चहाला बोलावणारा शेजारी मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. स्कारबरोच्या महाविहारात किंवा अन्य सिंहली, व्हिएतनामी विहारांत आपले लोक जातात, भन्ते प्रेमाने वागवतात. परंतु सत्तरीतल्या आमच्या मावशीला छातीत काय होते ते तेथे मराठीत सांगता येत नाही. जात लपवणाऱ्याला आपला एकटेपणाही लपवावा लागतो. तेव्हा ज्या समाजाला या सहवासाच्या औषधाची सर्वाधिक गरज, त्यालाच ते सर्वांत कमी मिळते. आपली संस्था ही उणीव भरून काढण्यासाठी निघाली होती. वर्षातून तीन कार्यक्रम, एक स्मरणिका आणि एक सहल यांनी ती भरते काय, हा माझा प्रश्न आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. आरोग्य ही शासनाची जबाबदारी आहे. ती दानधर्मावर आणि धर्मसंस्थेवर ढकलणे म्हणजे मागे जाणे नव्हे काय? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची आणि खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाची जी पायाभरणी केली ती हक्क म्हणून, भिक्षा म्हणून नव्हे. मी हा आक्षेप मान्य करतो. पण याच देशाचा इतिहास पाहा. सॅस्कॅचवानमध्ये १९६२ साली सर्वांसाठी वैद्यकीय विमा सुरू झाला आणि त्याचे जनक मानले जाणारे टॉमी डग्लस हे मुळात वेबर्न गावचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. लहानपणी त्यांचा पाय कापण्याची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देण्याच्या अटीवर एका सर्जनने ती फुकट केली म्हणून पाय वाचला. एका मुलाचा पाय डॉक्टरच्या लहरीवर अवलंबून असावा हे त्यांना आयुष्यभर खटकत राहिले. महामंदीत मंडळीतील उपाशी माणसे पाहिलेल्या त्या उपदेशकाने पुढे प्रवचनाचा कायदा केला. ज्याला आपल्या मंडळीतील आजारी माणूस दिसत नाही, तो शासनाकडे काय मागणार? बसथांब्याजवळचा बर्फ काढा, असे नगरपालिकेला लिहायलासुद्धा त्या बर्फावर कोण पडले हे ठाऊक असावे लागते.

दुसराही धोका सांगून ठेवतो, कारण तो मी पाहिलेला आहे. समुदाय सांभाळतो तसा जाचतोही. कोणाला क्षय झाला, कोणाची मुलगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते, कोणाचा नवरा पितो, या बातम्या आपल्याकडे औषधापेक्षा वेगाने पसरतात. या भीतीने काही रुग्ण मुद्दाम आपल्या माणसांपासून दूर, दुसऱ्या शहरात तपासणीला जातात. माझ्याकडे येणाऱ्या एका भगिनीने तर पहिल्या भेटीत आजार सांगण्याऐवजी मी संस्थेचा पदाधिकारी आहे काय, हे आधी विचारले. विचारपूस आणि चौकशी यांतील अंतर ज्याला कळत नाही त्याने या कामात पडू नये. आणि जेवणाबद्दल न लिहिण्याचे ठरवले होते, तरी एक वाक्य लिहितोच : धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पंक्तीत तीन गोड पदार्थ असण्याचे कोणतेही धार्मिक वा सामाजिक कारण मला सापडलेले नाही.

मी कार्यकारिणीला एक पत्र दिले आहे. त्यातील मागण्या किरकोळ आहेत. वर्गणी थकली म्हणून साठ वर्षांवरील कोणाचेही नाव यादीतून काढू नये. प्रत्येक उपनगरासाठी दोन माणसे ठरवावीत, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष. त्यांनी आपल्या भागातील एकट्या राहणाऱ्यांना आठवड्यातून एकदा दूरध्वनी करावा, आणि कडाक्याची थंडी किंवा उन्हाळ्याची लाट असेल तेव्हा दारावर जाऊन यावे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना कार्यक्रमाला आणण्याची व परत पोहोचवण्याची जबाबदारी संस्थेने उचलावी. त्यासाठी सहलीचा खर्च कमी करावा लागला तरी चालेल. कार्यक्रमाच्या वेळी एका कोपऱ्यात रक्तदाब मोजण्याची सोय मी व माझे दोन सहकारी करू. आकडा फक्त ज्याचा त्याला सांगितला जाईल.

पत्रावर चर्चा व्हायची आहे. परंतु एका कामासाठी ठरावाची आवश्यकता नाही. येत्या जयंतीला प्रवेशद्वाराशी, जेथे भोजनाची कुपने मिळतात त्या टेबलावर, एक साधी वही ठेवलेली असेल. आपण आत जाताना तीत स्वतःचे नाव लिहू नये. जो माणूस पूर्वी येत असे आणि गेली एक-दोन वर्षे दिसलेला नाही, त्याचे नाव लिहावे, आणि त्याचा पत्ता ठाऊक असल्यास तोही. पहिल्या पानावरील पहिली ओळ मी रिकामी सोडली आहे. ते नाव लिहून आता उपयोग नाही. दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करावी.